मधलं गाव

मनकर्णा आणि आश्रुबा जर्मनीला निघाले, तेव्हा वाटेत जिथं विमान बदलायचं होतं त्या शहराचं नाव मनकर्णाला आजही सांगता येत नाही. लेकीनं फोनवर कितीदा तरी सांगितलं, पुतण्या जीवननं मुंबईपर्यंतच्या सगळ्या वाटेत घोकून घेतलं, पण ते नाव काही तिच्या जिभेवर बसलं नाही. ती त्याला 'मधलं गाव' म्हणते. अलीकडं मुंबई, पलीकडं जर्मनी आणि हे मधलं. झालं, विषय संपला. नावावाचून तिचं काही अडलं नाही. अडलं ते तिच्याच तोंडून निघालेल्या एका शब्दापायी, आणि तो शब्द ती लग्न झाल्यापासून दर वर्षी उच्चारत आली होती.

ते समजायचं तर आधी मनकर्णाचं निम्मं आयुष्य समजून घ्यायला हवं. धारूरच्या घाटाखाली एका वाडीत तिचं घर. लग्न होऊन आली त्याच वर्षी, दसरा उलटल्यावर, ती आश्रुबाबरोबर ऊस तोडायला गेली आणि मग दर साल जात राहिली. कधी सांगलीकडं, कधी कोल्हापूरकडं, कधी पार कर्नाटकात. या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा पुढं ऊस तोडत जातो. बायको मागून तो गोळा करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. एकटाच गडी आला, तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला वाडीवर ट्रक लागला की मुकादम त्याच्या मागच्या फाळक्यापाशी उभा राहतो, एकेका घोळक्याकडं बोट करतो आणि विचारतो, "किती?" जोडीतलं कुणीतरी "एक" म्हणतं आणि दोघं वर चढतात. आश्रुबा मुळातच कमी बोलणारा, म्हणून त्यांच्या जोडीचं 'एक' नेहमी मनकर्णा म्हणायची, आणि चांगलं ठणकावून म्हणायची. या मोजणीत बाई कुठं गेली, असं विचारणारं माणूस तिला कधी भेटलं नव्हतं. भेटलं तेही पोटचंच निघालं.

ती म्हणजे अंजली, त्यांची एकुलती एक लेक. आईबाप उसाला गेले की ती पालीला मावशीकडं राहायची. तिथंच शाळा शिकली, पुढं बीडला नर्स झाली आणि मग जर्मन भाषा शिकून थेट तिकडच्या दवाखान्यात कामाला लागली. शिकताना एकदा तिनं आईला विचारलं होतं, "आई, दोघं राबता आणि एक कावून धरतात गं तुमाला?" मनकर्णा म्हणाली, "दोघं मिळून एकच तर हाव की आमी." अंजलीला हे पटलं नाही. पण मावशीच्या अंगणात आईची वाट बघत लहानाची मोठी झालेली पोर, तिनं आईशी वाद घालायचं टाळलं. नोकरी लागल्यावर मात्र तिनं आधी ऊसतोड बंद करायला लावली आणि मग आईबापांची तिकिटं काढली. तीन वर्षांत लेकीचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं मनकर्णानं विमान या प्रकाराला नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

काळजी होती ती आश्रुबाची. एका हंगामात उसाच्या ट्रकचं टायर त्याच्या शेजारीच फुटलं, तेव्हापासून त्याचा डावा कान गेलाच आणि उजव्यालाही ओरडल्याशिवाय काही कळेनासं झालं. दुकानदार काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतो, ग्रामसेवक काय म्हणतो, ते मनकर्णा त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. तो मान डोलवायचा आणि जे काय उत्तर असेल ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात द्यायचा. बाकी जग त्याला मुकं झालं होतं. तिच्याशिवाय तो बाजारालाही गेला नाही, तर परदेशाचं नावच नको.

अंजलीनं यावर तोडगा काढला. दोघांसाठी चाकाच्या खुर्च्या सांगून ठेवल्या. आईबाप चांगले हिंडते-फिरते होते. पण खुर्ची मागितली की ती ढकलायला माणूस मिळतो, आणि इंग्रजीचा गंध नसलेले म्हातारा-म्हातारी वाट चुकत नाहीत. पोरं परदेशी असलेल्या घरांत ही शक्कल सगळ्यांना ठाऊक असते. "आई, काही झालं तरी खुर्चीतून उठू नको," तिनं बजावलं होतं. मनकर्णा "बरं" म्हणाली होती. तिचं बरं कधी ऐकून घेण्याचं असतं आणि कधी पटल्याचं, हे लेकीनंही ओळखायला हवं होतं.

मधल्या गावात विमान उतरलं तेव्हा चांगलं उजाडलेलं होतं. विमानाच्या दाराशी दोन खुर्च्या आणि दोन माणसं उभी होती. आश्रुबा नव्या सरपंचासारखा ऐटीत बसला. मनकर्णा मात्र खुर्चीकडं बघून मागं सरली. मुंबईत तिनं कसंबसं सोसलं होतं. पाठीमागून दुसऱ्याच्या लेकरानं आपल्याला ढकलायचं आणि आपण मांडीवर हात ठेवून बसायचं, या कल्पनेनंच तिला घाम फुटत होता.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. दोन्ही पिशव्या तिनं त्या खुर्चीत ठेवल्या, ढकलणाऱ्या माणसाला हातानं 'जा बाबा' केलं आणि स्वतःच खुर्ची ढकलत निघाली. तो माणूस जरा घुटमळला, खांदे उडवून निघून गेला. त्याचं तरी काय चुकलं? बाई टुणटुणीत चालत होती.

ते विमानतळ म्हणजे एक इमारत नव्हतीच. एकमेकांपासून दूर तीन वेगळ्या इमारती, त्यांना टर्मिनल म्हणतात. मुंबईचं विमान एका टर्मिनलला लागलं होतं आणि जर्मनीचं दुसऱ्यातून सुटणार होतं. मध्ये मोकळं रान, आणि त्या रानातून जायला बस. आश्रुबाची खुर्ची पुढं, पिशव्यांची खुर्ची मागं, अशी वरात लांबच लांब रस्त्यांनी, उतरत्या लिफ्टनं खाली दारापाशी आली, आणि आश्रुबाची खुर्ची ढकलणारा तिथूनच परत फिरला. बाहेर खुर्च्यांसकट माणसं उचलून आत घेणारी एक छोटी गाडी उभी होती. तिच्या मागच्या फळीपाशी पिवळं जाकीट घातलेला एक माणूस होता. एका हातात बोलायचं यंत्र, दुसऱ्या हाताचं बोट नाचवत तो एकेका घोळक्याला विचारत होता, "कितने?"

त्याचं बोट आश्रुबाच्या खुर्चीवर आलं. मग त्यानं मागं उभ्या असलेल्या मनकर्णाकडं पाहिलं. "कितने?"

"एक," मनकर्णा म्हणाली. ठणकावून.

आश्रुबाची खुर्ची फळीवर चढली, फळी वर गेली, खुर्ची आत सरकली. आता फळी परत खाली येईल, मग आपण पिशव्या घेऊन चढू, अशा बेतानं मनकर्णानं पदर खोचला. फळी दुमडली गेली. दार लागलं. पिवळ्या जाकिटाचा माणूस पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला आणि गाडी निघाली. काचेतून आश्रुबाचं डोकं दिसत होतं. ते सरळ समोर बघत होतं. तो मागं वळला नाही. कशाला वळेल? उसाच्या फडात तो पुढं तोडत जायचा आणि ती मागून येतच असायची. मनकर्णा मागं आहे ही त्याला तपासून बघायची गोष्ट कधी वाटलीच नव्हती.

आपण काय बोलून बसलो ते तिला गाडी वळणावर गेल्यावर उमगलं.

मग ती धावली. काचेच्या दारातून बाहेर, डांबरावर, "आवं! आवं!" करत. ज्याला हाक मारायची त्याला ऐकू येत नाही आणि ज्यांना ऐकू येतं त्यांना 'आवं' म्हणजे काय ते कळत नाही, अशी गत. एका रखवालदारानं तिला अदबीनं पण घट्ट दंडाला धरून आत आणलं. तो काहीतरी विचारत होता, ती काहीतरी सांगत होती आणि दोघांचंही एकमेकाला काडीचंही कळत नव्हतं. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. त्या गाडीचा, त्या पिवळ्या जाकिटाचा, खुर्च्या सांगणाऱ्या अंजलीचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या तोंडाचा.

"क्या हुआ अम्मा? कायकू चिल्लारे?"

फरशी पुसणारी एक बाई हातातला दांडा भिंतीला टेकवून जवळ आली होती. हैदराबादकडची. मनकर्णाच्या जिवात जीव आला. धारूरच्या बाजारात बांगडीवाली याच सुरात बोलायची. मनकर्णानं आपल्याकडची होती नव्हती ती सगळी हिंदी पणाला लावली. "मेरा आदमी गाडी में गया. मैं ऱ्हायली. उसको सुनने नहीं आता, बाई. बिलकुल नहीं आता."

"कितने लोगां थे तुम?"

"दोगं."

"तो गाडीवाले कू बोलना था ना, दो करके."

"मैं एक बोली."

"दो थे तो एक कायकू बोले अम्मा?"

याला काय सांगणार? सांगलीचा ऊस, मुकादम, ट्रकचा फाळका, हे सगळं हिंदीत कसं घालायचं? मनकर्णा एवढंच म्हणाली, "हमारे में ऐसाच बोलते." त्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण बाई मोठी कामाची निघाली. तिनं रखवालदाराला हाताशी धरलं, त्याच्या यंत्रावरून पलीकडं विचारायला लावलं. पलीकडून उत्तर आलं की म्हातारबाबा पोचलेत, खुर्चीत बसलेत. "बैठेले हैं, बोलते," तिनं मनकर्णाला सांगितलं. मग सगळे प्रवासी जातात त्या मोठ्या बसपाशी तिला नेऊन बसवलं, पिशव्या चढवल्या आणि म्हणाली, "उतरे तो खुर्चियां रखते वो जगा पूछना. घबराव नक्को."

बस निघाली. दोन्ही बाजूंना अशी विमानं उभी होती, की एरवी मनकर्णानं डोळे फाडून बघितली असती. आज तिचं लक्ष नव्हतं. बसलाय म्हणाले ना, बसलाय. तो बसेलच. लग्नाच्या पहिल्याच हंगामात ती एकदा फडात चुकली होती. डोक्यापेक्षा उंच ऊस, चारी दिशा सारख्या, नवी नवरी, आणि नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायची लाज. पार दुसऱ्याच्या रानात निघाली. शेवटी रडवेली होऊन बांधावर आली तर आश्रुबा तिथं गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. तो रागावला नाही. त्या दिवशी त्यानं नियम घालून दिला. "चुकामूक झाली तर पुढच्यानं हालायचं न्हाई. मागच्यानं यायचं. दोघंबी हिंडाया लागले तर दिस मावळेल." त्या नियमावर पुढची सगळी वर्षं निभावली. जत्रेत, कारखान्याच्या गेटवर, एस्टी स्टँडवर, तो बसायचा आणि ती हुडकत यायची.

पण मग दुसराच विचार आला. तो बसेल खरा, पण खुर्चीला चाकं होती. कुणी ती विमानापर्यंत ढकलत नेली, तर तो जाईल. मनकर्णा मागं आहेच, असं धरून चालेल आणि सरळ समोर बघत जर्मनीला जाऊन उतरेल. आणि त्याला खाणंपिणं कोण विचारेल? विचारलं तर ऐकू कुणाला येणार? तहान लागली तरी तो मागायचा नाही. तिच्या हातचा तांब्या पुढं यायची सवय. बसच्या त्या थंडगार हवेत मनकर्णाला पहिल्यांदा रडू फुटलं. शेजारच्या गोऱ्या बाईनं तिला कागदी रुमाल दिला. तो तिनं न वापरता घडी घालून पिशवीत ठेवला. इतका पांढरा रुमाल नाक पुसायला नसणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या टर्मिनलात ती पिशव्या काखेत मारून, ज्याला त्याला "खुर्ची, खुर्ची" विचारत निघाली. अखेर एका कोपऱ्यात रांगेनं लावलेल्या चाकाच्या खुर्च्या दिसल्या. काहींत माणसं होती. एक रिकामी होती आणि तिच्या पाठीवर आश्रुबाचा पंचा लटकत होता.

तिथल्या टेबलाशी बसलेली मुलगी केरळकडची असावी. तिची हिंदीही मनकर्णाइतकीच लंगडी, म्हणून दोघींचं बरं जमलं. "अंकल गया," ती म्हणाली. "खुद उठके गया. चलके."

"किदर गया?"

"वापस. उदर." तिनं बसकडं बोट केलं. "वाइफ ढूंढने."

मनकर्णाला ते खरंच वाटेना. तो उठला? जागा सोडून? पुढच्यानं हालायचं नाही हे ज्यानं घालून दिलं, तोच हलला? दुसरा कुठला म्हातारा असेल म्हणावं तर पंचा तर त्याचाच होता. ती तशीच उलट्या पावली बसकडं निघाली. ती मुलगी मागून धावत आली. विमानात माणसं बसवायला सुरुवात झालीय, तुम्ही चला, अंकलना आम्ही संध्याकाळच्या विमानानं पाठवू, असं खुणांनी आणि शब्दांनी पटवू लागली.

"जाऊ दे इमान," मनकर्णा मराठीतच म्हणाली, आणि ते त्या मुलीला बरोबर कळलं.

बस समोरच उभी होती. दार उघडं. एक पाय पायरीवर ठेवला आणि मनकर्णा थांबली. आता मी तिकडं गेले आणि तो तेवढ्यात इकडं आला तर? तो आता बसून राहणारा राहिला नव्हता. हुडकणारा झाला होता. मग बसायचं कुणी? ज्या बाईनं जन्मभर मागून चालत जाऊन माणूस गाठला, तिला एका जागी थांबणं किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. पाय ओढ घेत होते. तो बहिरा, त्याला वाचता येत नाही, एवढ्या मोठ्या मुलखात कुठल्या दारातून कुठं जाईल आणि कुणी आडवं लावलं तर काय सांगेल, हे सगळं डोळ्यांपुढं नाचत होतं. तरी तिनं पाय खाली घेतला. बस जिथं थांबते त्याच्या बरोबर समोर, दाराच्या आत, ती फरशीवर मांडी घालून बसली. उतरणाऱ्या प्रत्येकाला तिला वळसा घालूनच जावं लागेल, अशी जागा तिनं निवडली होती. लोक वळसे घालू लागले. एकानं बाकाकडं बोट दाखवलं. तिनं नको म्हणून मान हलवली.

एक बस आली, तीत तो नव्हता. दुसरी आली, तीतही नव्हता. विमानाची शेवटची हाक झाल्याचं ती केरळची मुलगी येऊन सांगून गेली, आणि जाताना पाण्याची बाटली ठेवून गेली. मनकर्णानं ती उघडली नाही. तो आल्यावर त्याला लागेल.

तिसऱ्या बसमधून तो उतरला. धोतर, टोपी, आणि चेहरा असा की मनकर्णानं तो टायर फुटलं त्या दिवशी पाहिला होता. उतरला आणि बरोबर उलट्या दिशेला तोंड करून बघू लागला. पुरुषाची जात. समोर बसलीय ती दिसायची नाही. हाक मारून उपयोग नव्हता. शेतात असं झालं की मनकर्णा ढेकूळ उचलून त्याच्या पाठीत मारायची. तीच त्यांची हाक होती. या चकचकीत फरशीवर ढेकूळ कुठून आणणार? तिनं पिशवीत हात घातला, अंजलीसाठी बांधलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांतला एक काढला आणि नेम धरून फेकला. लाडू आश्रुबाच्या खांद्यावर फुटला. एक रखवालदार पुढं झेपावला, एक बाई किंचाळली, आणि आश्रुबा वळला.

तो तिच्याजवळ आला आणि तिच्याशेजारी फरशीवर मटकन बसला. त्याच्यामागून ती हैदराबादची बाई उतरली, हसत आणि डोळे पुसत. साहेबाच्या हातापाया पडून ती त्याला पोचवायला आली होती. "अम्मा, तुमारे मियां बीच हाल में खडे थे," ती सांगू लागली. "कोई कुछ बी पूछे तो उंगलियां दिखाते. दो. चिल्ला के बोलते, दोन! आमी दोन! सब लोगां डर गये. मैं देखी, समज गयी, यही होना अम्मा के."

मनकर्णानं तिचे दोन्ही हात धरले. आभार मानायचं तिला जमलं नाही. तिनं लाडवांची अर्धी पुरचुंडी तिच्या हातात कोंबली. त्या बाईनं दोनच ठेवून घेतले, बाकीचे परत केले आणि तिला ड्यूटी होती म्हणून त्याच बसनं निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट मनकर्णाला अजून लागते.

विमान गेलं होतं. केरळच्या मुलीनं कुठं कुठं फोन करून संध्याकाळच्या विमानात दोघांना शेजारी-शेजारी जागा मिळवून दिली, आणि स्वतःच्या फोनवरून अंजलीशी बोलायला लावलं.

"आई, मी तुला खुर्चीत बस म्हणाले होते ना!"

"बसले असते तर पिशव्या कोन वढनार व्हतं?"

"आई!"

मग दोघी थोडा वेळ भांडल्या, मग थोडा वेळ रडल्या आणि शेवटी अंजलीनं विचारलं, जेवलात का. हे आटपल्यावर मायलेकींत सगळं ठीक आहे असं समजायचं.

दुपारभर दोघांना काही काम नव्हतं. असं रिकामपण त्यांच्या वाट्याला आजवर कधी आलं नव्हतं. मोठ्या काचेपाशी बाकावर दोघं बसली होती. बाहेर विमानं उतरत होती, चढत होती. मनकर्णा त्याच्या उजव्या बाजूला बसायला निघाली, पण तिथं पिशव्या होत्या, म्हणून डाव्या बाजूला बसली. आश्रुबा पाणी प्यायला आणि त्यानं बाटली खाली ठेवली.

"गाडीत मी बोलायलो व्हतो तुज्याशी," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच मोठा. दोन बाकांवरची माणसं वळून बघू लागली. "केवडं इमान हाय बग, म्हनलं. अंजी अशाच्यात बसून गेली आसंल, म्हनलं. लई बोललो. खुर्ची थांबली तवा वळून बगितलं."

तो थांबला. मनकर्णानं त्याच्याकडं पाहिलं.

"एवडी वर्सं फडात पुडं तोडत गेलो, मने. मागं तू हाईस म्हनून. एकदाबी वळून बगितलं न्हाई. उन्हात, थंडीत, अंजी पोटात व्हती तवा बी. तू बसलीस का, पडलीस का, कायबी बगितलं न्हाई. एकांद्या दिशी नसतीस, तर मला कळलंबी नसतं गं."

इतक्या वर्षांत त्यानं इतकं लांबलचक बोलणं केलं नव्हतं. आणि हे आपल्याला कधीतरी ऐकायचं होतं, हेही तिला आताच कळत होतं. त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर अजून लाडवाचा चुरा होता. तो तिनं हातानं झटकला, पुन्हा एकदा झटकला, आता तिथं काही नव्हतं तरी झटकत राहिली.

"व्हते की म्या," ती म्हणाली. हळूच म्हणाली, आणि ती बसली होती त्याच्या बहिऱ्या बाजूला.

"काय म्हनलीस?"

ती उठली, पिशव्या बाकाच्या पलीकडच्या टोकाला सरकवल्या, त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली, आणि तेच शब्द, आजूबाजूचे सगळे बघत असताना, त्याच्या कानाशी तोंड नेऊन जोरात पुन्हा सांगितले.